शेजाऱ्याच्या कालवांचा कायदा

आमच्या शाचिआओ गावात दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता इंग्रजी फुकट शिकवले जात असे. शिकवणारे दोघे होते. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर एक काळी पट्टी असे आणि तिच्यावर आमच्या लिपीत ‘वडीलधारे’ ही पदवी व पुढे नाव लिहिलेले असे. वडीलधारे व्हिटलॉक वीस वर्षांचे होते. वडीलधारे बकनर एकोणीस वर्षांचे होते आणि त्यांच्या हनुवटीवर पुटकुळ्या होत्या. मी त्या वेळी एकाहत्तर वर्षांची होते. मी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी प्राथमिक शाळेच्या प्रौढ वर्गात अक्षरे शिकले. त्यामुळे शिकवणाऱ्या माणसाचा मान राखला पाहिजे असे माझे मत आहे, आणि मी त्या दोघांना नेहमी पदवीसह हाक मारली. आमचे पोस्टमन ल्यू खुनशान यांचे मत वेगळे होते. ते वर्गाच्या दारातच विचारत, “काय वडीलधारे, दाढी आली का?” वडीलधारे व्हिटलॉक यांना आमची भाषा नऊ आठवड्यांत शिकवून पाठवलेले होते. ते नम्रपणे उत्तर देत, “होय, जेवण झाले.”

ते दोघे आपल्या देवाचा प्रचार करण्यासाठी आले होते. गावात ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती आणि कोणाची तिला हरकत नव्हती. जाळी विकण्याचे एक दुकान बंद पडले होते, ते त्यांनी भाड्याने घेतले. पहिला एक तास इंग्रजी आणि नंतर अर्धा तास देव, अशी त्यांची रचना होती. तास संपताच गावकरी उठत, वाकून आभार मानत आणि देवाच्या अर्ध्या तासाआधी निघून जात. वर्षभरात पस्तीस माणसे ‘हाऊ आर यू’ म्हणायला शिकली आणि बाप्तिस्मा एकाचाही झाला नाही. त्या दोघांना धर्माने चहा वर्ज्य होता. घरोघर ते फक्त गरम पाणी पीत, म्हणून बायका त्यांना पोटाचे आजारी समजत आणि तांदळाची पेज पाठवत.

मात्र हे लिखाण त्यांच्याविषयी नाही. हे शुए बोंग-इओ हिच्याविषयी आहे. ती माझ्या शेजारी राहते आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. मी तिला इओताई म्हणते.

बोंग-इओ याचा अर्थ ‘असू दे, वाढवू’ असा होतो. लागोपाठ चौथी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या आजोबांनी हे उद्गार काढले आणि तेच नाव राहिले. नोंदणी कचेरीतल्या कारकुनाला ‘वाढवणे’ या शब्दाचे अक्षर आठवले नाही. म्हणून त्याने तसाच उच्चार असलेले दुसरे अक्षर लिहिले. त्याचा अर्थ कंबर. मी अक्षरे शिकले त्या वर्षी तिचे ओळखपत्र मीच तिला प्रथम वाचून दाखवले. “असू दे, कंबर” असे तिच्या नावाचे वाचन झाले. ती बराच वेळ हसली. नंतर म्हणाली, “बरोबरच आहे. जन्म सगळा कमरेएवढ्या पाण्यातच गेला.”

हे खरे आहे. उत्तरेच्या उथळ खाडीत तिच्या कालवांच्या चाळीस रांगा आहेत. बांबूच्या मांडवाला दोर टांगलेले असतात आणि दोरांना कालवे धरतात. नवरा समुद्रात गेला आणि परतला नाही. त्यानंतर तिने याच दोरांवर तीन मुले वाढवली. प्रौढ वर्गात ती माझ्याबरोबर तीन आठवडे आली होती. मग तिने पाटी परत दिली. तिचे म्हणणे असे होते की कालवांना वाचता येत नाही, आणि ज्यांना तिला काही सांगायचे आहे ते लोक कागद बघणारे नाहीत.

ते लोक म्हणजे शिडाच्या फळ्यांवर उभे राहणारे परदेशी. ईशान्येचा वारा सुटला की ते दूरदूरच्या देशांतून आमच्या बेटावर येतात. ज्या वाऱ्यात आम्ही शेळ्यासुद्धा बाहेर सोडत नाही, त्या वाऱ्यासाठी ते विमानाने येतात. त्यांच्या फळ्यांना खाली एक धारदार पंख असतो. भरतीच्या वेळी मांडव पाण्याखाली जातात, आणि ते वरून सरळ निघून जातात. एका हिवाळ्यात इओताईचे अकरा दोर तुटले. कालवे चिखलात पडली की मरतात.

इओताई ही शिव्या देण्यात आमच्या गावात पहिली आहे. समुद्राची देवी माझू आई हिच्या मंदिरात ती रोज सकाळी झाडते आणि तिथे ती तोंड उघडत नाही, पण खाडीवर तिचा आवाज वाऱ्याच्या उलट दिशेनेही जातो. तिने त्या परदेश्यांना त्यांच्या पूर्वजांपासून सुरुवात करून शिव्या दिल्या. ते हात हलवून हसले. एकाने तिचे छायाचित्र काढले. पुढच्या वर्षी ते छायाचित्र बेटाच्या पर्यटनाच्या पत्रकावर छापून आले आणि खाली ‘आमच्या स्वागतशील ग्रामस्थ’ असे लिहिले होते. ते मीच तिला वाचून दाखवले. त्या आठवड्यात ती इंग्रजीच्या वर्गाला आली.

पहिल्याच दिवशी तिने हात वर केला आणि ‘चालते व्हा इथून’ याला इंग्रजीत काय म्हणतात ते विचारले. वडीलधारे व्हिटलॉक यांना वाईट वाटले. ते म्हणाले की भाषा ही प्रेमाचा पूल आहे, आणि त्यांनी फळ्यावर ‘आय ॲम थँकफुल फॉर माय फॅमिली’ हे वाक्य लिहिले. दुसऱ्या आठवड्यात तिने पुन्हा विचारले. तेव्हा त्यांनी तिला ‘एक्सक्यूज मी’ हे शब्द दिले. तिने ते पाठ केले आणि खाडीवर एका परदेश्याला मोठ्याने सांगितले. त्याने आदराने मान लववली आणि तो मांडवावरून गेला. त्या दिवशी तीन दोर गेले.

“हे इंग्रजी नासकं आहे,” ती मला म्हणाली. “यात ‘नको’ हा शब्दच नाही.”

मी तिला धीर धरायला सांगितले. प्रौढ वर्गातही कठीण अक्षरे शेवटी येतात.

चौथ्या आठवड्यात खाद्यपदार्थांची नावे झाली. कालवाला इंग्रजीत ऑयस्टर म्हणतात हे आम्हाला कळले. आमच्या बोलीत कालवाला ‘ओ’ म्हणतात. पोस्टमन ल्यू यांनी लगेच जाहीर केले की हा शब्द इंग्रजांनी आमच्याकडून नेला आहे आणि शेवटी ‘यस्टर’ उगाच जोडले आहे. हे सर्वांना पटले. माझ्या मनावर त्याचा फार परिणाम झाला, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ त्यात आहे.

पाचव्या आठवड्यात इओताईच्या बुटात वाळू होती. ती काढेपर्यंत बाकी मंडळी गेली आणि देवाचा अर्धा तास सुरू झाला. उठून जाणे बरे दिसेना, म्हणून मीही बसले. वडीलधाऱ्यांना आनंद झाला. त्यांनी आम्हाला त्यांच्या देवाच्या दहा आज्ञा सोप्या इंग्रजीत छापलेला कागद दिला आणि एकेक ओळ वाचली. जवळजवळ प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘डू नॉट’ होते. इओताईने त्याचा अर्थ मला विचारला. मी सांगितले, “करू नको.” ती खुर्चीत ताठ बसली. दहापैकी आठ गोष्टी नको म्हणणाऱ्या होत्या. पहिल्या तासाला जे लपवून ठेवले होते ते सगळे दुसऱ्या अर्ध्या तासात होते.

शेवटची आज्ञा शेजाऱ्याच्या वस्तूंची होती. वडीलधारे व्हिटलॉक यांनी वाचले, “डू नॉट वॉन्ट युअर नेबर्स ऑक्स,” आणि आमच्या भाषेत अर्थही सांगितला. पण आमच्याकडे स्वर बदलला की शब्दच बदलतो, आणि त्यांचा स्वर असा चढला-उतरला की तो शब्द कोणताही असू शकला असता. शिवाय ते बोलत ती सरकारी भाषा, आणि इओताईला आमच्या बोलीपुढे ती कमी कळते. तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या कानात ‘ओ’ वाजत होते. मी सांगितले, “शेजाऱ्याच्या कालवांचा लोभ धरू नको.”

ही चूक माझी होती. ती मी इथे लिहून ठेवते.

इओताईने कागदावर बोट ठेवले. मग तिने विचारले, “हे त्यांच्या देवानं लिहिलंय? कालवांचं नाव घेऊन?”

मी हो म्हणाले.

“आपली आई समुद्राची आई आहे,” ती म्हणाली, “पण तिनंसुद्धा इतकं स्पष्ट लिहून ठेवलेलं नाही.”

त्या दिवसापासून ती देवाच्या अर्ध्या तासाला एकदाही चुकली नाही. आम्ही दोघी दुपारी पडवीत कालवे फोडतो. ती एकेका शब्दाला एक कालव फोडू लागली. डू, नॉट, वॉन्ट. ‘ऑक्स’चे तिने स्वतःच ‘ऑयस्टर’ केले, कारण तिला तो शब्द अर्धवट वाटत होता. गावात बातमी पसरली की परदेश्यांच्या देवाने कालवांचा कायदा केलेला आहे. कालव लावणाऱ्या चार बायका पुढच्या मंगळवारी मागे थांबल्या. पोस्टमन ल्यू म्हणाले, “मावशी, त्यांच्या देवाला कोळंबीचं काही आहे का विचारा. माझा मेहुणा कोळंबीवाला आहे.”

वडीलधारे व्हिटलॉक यांनी आपल्या आईला पत्र लिहिले की या गावात कापणीची वेळ आली आहे. ते पत्र टाकताना त्यांनी तो मजकूर पोस्टमनला स्वतः सांगितला. पोस्टमन ल्यू यांना वाटले की ते भुईमुगाविषयी बोलत आहेत.

वडीलधाऱ्यांना एक चिंता होती, ती त्यांनी आमच्यापासून लपवली नाही. मुख्य बेटावरचे त्यांचे प्रमुख वर्षाच्या शेवटी येणार होते. तोपर्यंत एकही बाप्तिस्मा झाला नाही, तर खोली बंद होणार होती आणि वर्ग मागुंगच्या बाजारात जाणार होता. तेथे जायला बसने पाऊण तास लागतो. इओताईचे वाक्य तोंडात बसत होते, पण अजून पळत नव्हते. वाऱ्यात ओरडायचे तर वाक्याला पळावे लागते. वर्ग गेला असता तर दोरही गेले असते. म्हणून वडीलधाऱ्यांनी तिला बाप्तिस्म्याविषयी विचारले तेव्हा तिने फक्त एवढेच विचारले की त्यात काय करायचे असते.

“पूर्ण पाण्याखाली जायचं,” वडीलधारे बकनर यांनी डोक्यावर हात ठेवून दाखवले.

“कमरेपर्यंत मी रोज असतेच,” ती म्हणाली. “आणखी दोन हात खाली. पण आईला विचारते.”

वडीलधाऱ्यांना वाटले, तिची आई जिवंत आहे. त्यांनी आईच्या प्रकृतीची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलोट झाल्यावर इओताईने माझू आईसमोर कौल लावला. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे हातात घेऊन तिने प्रश्न सांगितला: परक्या देवाच्या पाण्यात डोके बुडवू का, त्याने कालवांचा कायदा केला आहे. एक तुकडा पालथा आणि एक उताणा पडला तर होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार. दोन्ही उताणे पडले. याचा अर्थ आई हसते आहे. तिने पुन्हा टाकले. आई पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही तेच झाले.

मंदिराचे पुजारी म्हणाले, “प्रश्नात खोट आहे. आई उगाच हसत नाही.”

इओताई म्हणाली, “हसू दे. ‘नाही’ तर म्हणाली नाही ना.”

मला मात्र घरी चैन पडेना. प्रश्न इओताईचा होता, पण त्यातले शब्द माझे होते. माझ्याकडे प्रौढ वर्गात बक्षीस मिळालेला शब्दकोश आहे. मी आज्ञांचा कागद घेतला, ‘ऑक्स’ हा तीन इंग्रजी अक्षरांचा शब्द नीट पाहिला आणि शोधला. सुमारे एक तास लागला. तेथे बैलाचे चित्र होते.

मी सायकलने जाळ्यांच्या दुकानात गेले आणि दोघा वडीलधाऱ्यांना माझी चूक सांगितली. वडीलधारे बकनर खाली पाहू लागले. मग कळले की त्यांनी हे दोन आठवड्यांपूर्वीच ओळखले होते. इओताई ‘ऑयस्टर’ म्हणते हे त्यांनी ऐकले होते. वडीलधारे व्हिटलॉक म्हणाले की श्रद्धा कोणत्या दारातून येते हे महत्त्वाचे नाही, आणि खरा शब्द बाप्तिस्म्यानंतर हळूहळू सांगता येईल. त्यांनी ते फार सुंदर रीतीने मांडले. त्यांचे स्वरही त्या दिवशी अचूक होते. मी त्यांचा मान राखते, म्हणून उलट बोलले नाही. पण इओताईला सांगण्याचे धैर्य मलाही झाले नाही. तीन दिवस मी तिच्याबरोबर पडवीत बसले, कालवे फोडली आणि गप्प राहिले. हे मला शोभले नाही.

शनिवारी प्रमुख आले. ते साठीचे होते, त्यामुळे त्यांच्या छातीवरची पट्टी प्रथमच कोणाला खटकली नाही. खोलीत हौद नव्हता, म्हणून कार्य खाडीवर ठरले. इओताईने आपल्या रबरी विजारीवरून पांढरा झगा चढवला होता, कारण पाणी थंड होते. वाऱ्याने झगा फुगत होता आणि दोन्ही वडीलधाऱ्यांचे गळपट्टे त्यांच्याच तोंडावर आपटत होते. गावातली चाळीस-पन्नास माणसे जमली होती. पोस्टमन ल्यू यांनी भाजलेले भुईमूग आणले होते.

प्रमुखांना आमची भाषा चांगली येत होती. पाण्यात नेण्याआधी त्यांनी तिला प्रेमाने विचारले की तिला या मार्गावर कशाने आणले.

“कालवांनी,” इओताई म्हणाली.

प्रमुखांनी तिला पुन्हा सांगायला विनंती केली. तिने कायदा सांगितला. प्रमुखांनी वडीलधारे व्हिटलॉक यांच्याकडे पाहिले. त्यांनी समुद्राकडे पाहिले. मी पुढे होण्यासाठी पाऊल उचलले, पण माझ्याआधी वडीलधारे बकनर बोलले. त्यांचा चेहरा पुटकुळ्यांसह लाल झाला होता.

“आजी, तो शब्द कालव नाही. बैल आहे. आम्हाला माहीत होतं आणि आम्ही बोललो नाही.”

“चूक माझी आहे,” मी म्हणाले. “अर्थ मी सांगितला.”

इओताईने आधी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याविषयी मी लिहिणार नाही. मग तिने वडीलधारे बकनर यांना विचारले, “बैल?”

“बैल.”

“आणि कालवांचं काहीच नाही?”

त्यांनी खिशातून कागद काढला. वाऱ्याने तो दोनदा दुमडला. त्यांनी शेवटची ओळ बोटाने दाखवली. त्यात बैल होता, गाढव होते, आणि सगळ्यांच्या शेवटी ‘शेजाऱ्याचे जे काही असेल ते’ असे होते. पाचव्या आठवड्यात वेळ संपल्यामुळे ते वाचायचे राहिले होते.

“जे काही म्हणजे कालवं आली त्यात?”

“आली.”

“मग बैलाचं कशाला लिहिलं? जे काही एवढंच लिहायचं.”

प्रमुखांनी कागद हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. आणि त्याच वेळी उत्तरेकडून दोन शिडे आली. भरती अर्धी झाली होती. मांडवांचे टोक पाण्याखाली नुकतेच गेले होते, आणि शिडे सरळ त्या दिशेने होती.

इओताई पाण्यात शिरली. झगा तिच्याभोवती पसरला. ती कमरेपर्यंत पोहोचली, दोन्ही हात वर केले आणि माझू आईच्या मिरवणुकीतही कोणी काढला नसेल असा आवाज काढला.

“डू नॉट वॉन्ट युअर नेबर्स ऑयस्टर!”

वाक्य पळाले. पहिल्या फळीवर दाढीवाला एक धिप्पाड माणूस होता. त्याने पांढरा झगा पाहिला, वर केलेले हात पाहिले, आणि किनाऱ्यावर उभे असलेले काळ्या पट्ट्यांचे तीन गोरे पुरुष पाहिले. त्याने शीड सोडून दिले आणि तो पाण्यात पडला. उभा राहिला तेव्हा पाणी त्याच्या छातीपर्यंत होते आणि हात एका दोरावर होता. त्याने दोर वर उचलून पाहिला. त्यावर कालवे होती. त्याचे डोळे आजीने साखरेच्या डब्यात हात पकडावा तसे खाली गेले.

“सॉरी, मॅम,” तो म्हणाला. त्याने आपली फळी हाताने ओढत मांडवांना वळसा घालून बाहेर नेली, आणि दुसऱ्यालाही ओरडून वळवले.

किनाऱ्यावर पोस्टमन ल्यू यांनी भुईमूग चघळणे थांबवले होते.

प्रमुख पाण्याच्या काठापर्यंत गेले आणि त्यांनी विचारले की आता पुढे व्हायचे का. इओताईने पाण्यावर पसरलेला झगा गोळा केला.

“आई अजून हसतेच आहे,” ती म्हणाली. “ती हो म्हणाली की बघू. आजच्यापुरती मी इथपर्यंतच.” तिने कमरेवर हात ठेवला.

प्रमुखांनी वहीत काय लिहिले ते मला माहीत नाही. बाप्तिस्म्याच्या रकान्यात कमरेपर्यंतची सोय नसावी. महिन्याच्या शेवटी खोली बंद झाली. वडीलधारे व्हिटलॉक यांची मुख्य बेटावर बदली झाली, आणि तेथे ते चांगले काम करीत आहेत असे ऐकते. इओताई माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी तिने कालवांची टोपली माझ्या पडवीत आणून ठेवली आणि म्हणाली, “हे काय ते शब्दकोशात बघून सांग.” नंतर आम्ही नेहमीसारख्या फोडायला बसलो.

परदेश्यांनी त्यांच्या खर्चाने मांडवांच्या चारही कोपऱ्यांवर लाल फडक्यांचे बांबू रोवले. त्या हिवाळ्यात एकही दोर तुटला नाही.

वडीलधारे बकनर आता मंगळवारी आपल्या नव्या जोडीदारासह मागुंगहून बसने येतात. प्रमुखांनी परवानगी दिली आहे असे ते म्हणतात. वर्ग इओताईच्या पडवीत भरतो आणि देवाच्या अर्ध्या तासात सगळ्यांनी कालवे फोडायची असतात, त्यामुळे उठून कोणी जात नाही. पहिल्या दिवशी तिने त्यांना सुरी आणि हातमोजे दिले. छातीवरच्या पट्टीकडे तिने कधीच लक्ष दिलेले नाही. ती त्यांना ‘बाळ’ म्हणते.

“बाळ,” तिने त्या पहिल्या दिवशी विचारले, “‘नको’ झालं. आता समोरच्यानं ऐकलं की त्याला काय म्हणायचं ते शिकव. तो दाढीवाला रोज वळसा घालून जातो आणि माझ्याकडे बघत राहतो.”

“थँक यू,” वडीलधारे बकनर म्हणाले.

इओताईने हातातले कालव फोडले.

“ते तर पहिल्याच धड्यात होतं,” ती म्हणाली.